पगार चालू ठेवून ऑफिसवर विनोदी कथा कशी लिहावी

मे-जून उजाडला की ओळखीतला कुणी ना कुणी हमखास विचारतो, "दिवाळी अंकाला कथा पाठवायचीय. आमच्या ऑफिसवरच आहे. मसाला भरपूर आहे, पण गाडी पुढे सरकत नाहीये." मसाला काय म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं: बॉस. बॉस किती बिनडोक आहे, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर कसं खपवतो, क्लायंट कॉलवर कशी शेपूट घालतो. अशी कथा लिहून होतेही. कॅन्टीनमध्ये चार मित्रांना वाचून दाखवली की ते पोट धरून हसतात, आणि मग संपादकाकडून ती साभार परत येते. कारण उघड आहे. त्या चौघांना तो बॉस रोज भेटतो. साताऱ्याच्या वाचकाने त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि बघायची त्याला इच्छाही नाही.

आयटी, बँक, इन्शुरन्स असल्या ठिकाणी नोकरी करत पहिल्यांदाच उपहासकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझी सगळी उदाहरणं हिंजवडीच्या आयटी पार्कातली आहेत, पण ऐरोली, बीकेसी किंवा नागपूरच्या मिहानमध्ये बसणाऱ्यांनाही फारसा फरक जाणवणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती पावलोपावली लागणार आहे. ऑफिसात वेडा माणूस शोधत बसू नका. तिथे प्रत्येक जण आपापल्या जागी अगदी शहाण्यासारखं वागत असतो आणि सगळ्यांची मिळून बेरीज तेवढी वेडेपणाची येते. ती बेरीज मांडून दाखवणं एवढंच आपलं काम.

काय काय लागेल

- स्वतःच्या पैशाने घेतलेला लॅपटॉप किंवा फोन
- खिशात मावेल अशी वही आणि पेन
- तुमचं नेमणूक पत्र, त्याच्या मागच्या जोडपत्रांसकट. सही करताना जी पानं वाचली नव्हती तीच
- पगाराची स्लिप आणि सीटीसीचा (कंपनीने तुमच्यावर वर्षाला मोजलेल्या एकूण खर्चाचा) तक्ता
- युनिकोडमधून मराठी टाइप करण्याची सोय
- कधीही कॉर्पोरेटमध्ये नोकरी न केलेला एक वाचक (आई, शेती करणारा मामा, निवृत्त मास्तर, कुणीही चालेल)

१. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहायची नाही

ही पायरी पहिली आहे, कारण इथे घसरलात तर पुढच्या पायऱ्यांची गरजच उरणार नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर बाहेर जाणाऱ्या फाइलींवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर असतं. स्वतःच्या जीमेलवर फाइल पाठवली की माहिती सुरक्षा विभागात कुणाच्या तरी स्क्रीनवर नोंद होते. त्या माणसाचं कामच ती नोंद उघडून बघणं आहे. तो उघडणार, आणि कदाचित तोच तुमचा पहिला वाचक ठरणार. टीम्सवर स्वतःलाच मेसेज पाठवून मुद्दे साठवणारे बरेच आहेत. तोही कंपनीचाच सर्व्हर. मेलचे स्क्रीनशॉट काढू नका. वाक्य आवडलं तर लक्षात ठेवा आणि जिन्यात जाऊन वहीत उतरवा.

नेमणूक पत्र इथेच उघडा. त्यात दोन कलमं शोधायची: गोपनीयतेचं आणि बाहेर दुसरं काम करण्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाची पहिली मालकी मालकाकडे जाते. विनोदी कथा हा काही तुमच्या नोकरीचा भाग नाही. पण ती त्यांच्या यंत्रावर, त्यांच्या वेळेत लिहिलीत तर हा वाद उगाच ओढवून घ्याल.

२. माणसांऐवजी कागद गोळा करा

नवा लेखक कॅन्टीनमध्ये कान टवकारून बसतो. तिथे मिळतात गॉसिप, आणि गॉसिप महिनाभरात शिळं होतं. खरा माल छापील असतो, तो वर्षानुवर्षं टिकतो आणि कंपनी तो स्वतःहून तुमच्या हातात देते.

हेल्पडेस्कच्या पोर्टलवर जा आणि तक्रारींच्या याद्या शांतपणे वाचा. कुठली तक्रार करता येते यापेक्षा कुठली करताच येत नाही हे बघा. टाइमशीट बघा: टाइमशीट भरण्यात जो वेळ जातो तो कुठल्या प्रोजेक्ट कोडवर टाकायचा? सक्तीच्या ई-लर्निंगचे कोर्स बघा. आगीपासून बचावाचा व्हिडिओ, त्यातलं 'पुढे' हे बटण निवेदिकेचं वाक्य संपेपर्यंत दाबता येत नाही. आणि शेवटी प्रश्न, आग लागल्यास लिफ्ट वापरावी का? चुकलं तर पुन्हा प्रयत्न करा, कितीही वेळा. टाउनहॉलचं, म्हणजे मोठ्या साहेबांच्या सगळ्यांसाठीच्या सभेचं, निमंत्रण बघा: "मनमोकळे प्रश्न विचारा, प्रश्न शुक्रवारपर्यंत पाठवावेत."

मेलमधला मजकूर वाचतोच आपण, पण सीसीची ओळ वाचायची सवय लावा. सोमवारी दोन नावं, मंगळवारी चार, बुधवारी दुसऱ्या मजल्यावरचा कुणी साहेब, गुरुवारी त्याचा साहेब. मजकूर तोच: "वरील मेलबाबत काही प्रगती?" निव्वळ सीसीच्या नावांवर एखादा अख्खा प्रसंग उभा करता येतो आणि कुणाच्या तोंडी एक शब्दही घालावा लागत नाही.

३. एका कथेत एकच नियम

नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. अप्रेझल, कॅबचा उशीर, भूमकर चौकातलं ट्रॅफिक, क्लायंट, बेंच (म्हणजे प्रोजेक्ट नसताना नुसतं बसून राहणं), एथ्निक डे, सगळं एकाच कथेत कोंबतात. ती मग कथा राहत नाही, गाऱ्हाणं होतं. एक नियम उचला आणि तो अगदी टोकापर्यंत पाळला तर काय होईल तेवढंच लिहा.

कचेरीवरच्या उपहासातला एक जुना नमुना इथे कामाचा आहे. ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये एक लेख लिहिला. म्हणणं एकच: हाताशी जितका वेळ असेल तितकं काम फुगतं. पुराव्याला त्यांनी ब्रिटिश आरमाराचे आकडे घेतले. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि त्याच काळात आरमाराच्या मुख्य कचेरीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजं दोनतृतीयांशांनी घटली, साहेब पाऊणपटीहून अधिक वाढले. ना कुणाला मूर्ख म्हटलं, ना शिवी घातली. दोन आकडे शेजारी ठेवले आणि गंभीर चेहऱ्याने बाजूला झाले. तुमच्या कंपनीतही असे दोन आकडे कुठेतरी शेजारी ठेवायला मिळतील. मीटिंग रूम किती आणि मीटिंग रूमच्या बुकिंगवर देखरेख करणाऱ्या समित्या किती, असं काहीतरी.

४. साखळी बांधा: एका खुर्चीचं उदाहरण

आता प्रत्यक्ष बांधून बघू. कथा पूर्ण काल्पनिक. नायक देवरे, नवा रुजू झालेला. त्याच्या खुर्चीचा गॅस गेलाय. बसलं की खुर्ची हळूहळू खाली जाते आणि दहा मिनिटांनी त्याची हनुवटी कीबोर्डच्या उंचीला येते.

देवरे तिकीट टाकायला पोर्टलवर जातो. यादीत पर्याय तीन: 'नवी खुर्ची', 'खुर्ची हलवणे', 'खुर्ची सापडत नाही'. मोडलेल्या खुर्चीचा पर्याय नाही. का नाही? इथे थांबा आणि कारण शोधा, कारण कारण सापडलं नाही तर पुढचं सगळं पोकळ वाटेल. कारण असं: मागच्या वर्षी मोडतोडीच्या तक्रारी फार आल्या, त्या कमी करण्याचं उद्दिष्ट ॲडमिन विभागाला मिळालं, आणि पर्याय काढून टाकल्यावर तक्रारी शून्यावर आल्या. ॲडमिन विभागाला त्याबद्दल स्मृतिचिन्ह मिळालं. बघा, इथे कुणीही वेडं वागलेलं नाही.

देवरे नाइलाजाने 'खुर्ची हलवणे' निवडतो. तासाभरात दोन माणसं येतात आणि खुर्ची हलवतात. तळघरात. मेल येते: "प्रिय सहकारी, आपली खुर्ची यशस्वीरीत्या हलवण्यात आली आहे. आपले तिकीट बंद करत आहोत."

आता खुर्चीच नाही. तो 'नवी खुर्ची' निवडतो. फॉर्म विचारतो, जुन्या खुर्चीचा ॲसेट क्रमांक? क्रमांक खुर्चीखाली चिकटवलेला, खुर्ची तळघरात, तळघरात जायला मॅनेजरची परवानगी, मॅनेजर तीन आठवडे ऑनसाइट, न्यू जर्सीत. तिकडे दिवस उजाडतो तेव्हा इकडे देवरे दिवसभर उभा राहून घरी गेलेला असतो.

साखळीचा नियम लक्षात घ्या. प्रत्येक कडीला उत्तर देणारा माणूस वेगळा, प्रत्येकाचं उत्तर त्याच्यापुरतं बरोबर, आणि प्रत्येक उत्तराने नायकाची अवस्था आधीपेक्षा एक इंचाने वाईट. एक इंचानेच. खुर्ची गेल्याबरोबर देवरेला नोकरीवरून काढलंत तर वाचकाचा विश्वास उडतो. त्याला आधी उभं राहू द्या. उभं राहून काम करताना मजल्यावरच्या लोकांना दिसू द्या. वेलनेस टीमच्या नजरेत भरू द्या. "उभं राहून काम करण्याची निरोगी सवय" म्हणून महिन्याचा पुरस्कार मिळू द्या: टाळ्या, ग्रुप फोटो आणि पाच हजारांचं कूपन.

कूपनावर देवरे काय मागवणार? खुर्ची. ती गेटवर येते.

"सर, गेटपास?"

"अहो, ही बक्षिसाची आहे. आपल्याच कंपनीने दिलीय."

"आली बाहेरूनच ना सर? मग बाहेरची धरतात."

"मग करायचं काय?"

"पोर्टलवर टाका. 'खुर्ची हलवणे' म्हणून पर्याय आहे बघा."

गार्ड खवचट नाही हं. तो मनापासून मदत करतोय. त्याला खवचट केलंत की हा प्रसंग मेला.

५. पात्रं: खलनायक नको, तत्त्वज्ञ शिपाईही नको

विनोदी ऑफिसकथेत सगळ्यात कामाचं पात्र म्हणजे व्यवस्थेवर मनापासून श्रद्धा असलेला माणूस. हसणारा, टोमणे मारणारा नायक दोन पानांत थकवतो, कारण वाचकाने जे म्हणायचं ते तोच म्हणून टाकतो. श्रद्धाळू माणूस मात्र शेवटपर्यंत पुरतो. ती प्रोसेस एक्सलन्सची ताई घ्या. तिने खुर्च्यांच्या तक्रारींचा तक्ता स्वतः बनवलाय, त्याला चार रंग दिलेत, रविवारी घरी बसून. मुलाचा अभ्यास घेता घेता. तिला तो तक्ता खरंच आवडतो. तिच्यावर हसायला येतं आणि जरा वाईटही वाटतं; तसं वाटलं की समजा, पात्र जमलं.

टाळायची पात्रं पुढीलप्रमाणे. सगळं कळणारा चहावाला, जो शेवटी एक मार्मिक वाक्य बोलून साहेबांना वरमवतो. लिपस्टिक लावून बसलेली सेक्रेटरी. हा विनोद आपल्या वडिलांच्या वेळीही शिळा होता. आणि 'गावाकडचा साधा पोरगा विरुद्ध शहरी कॉर्पोरेट' ही जोडी: आज हिंजवडीत निम्मं ऑफिस गावाकडूनच आलेलं आहे आणि सगळ्यात किचकट एक्सेल शीट त्यातल्याच कुणाची तरी असते.

एचआरला राक्षस करू नका. एचआरच्या बाईंनाही कुणीतरी रेटिंग देतं.

६. भाषा: बोलतात तशी

"बैठक आटोपली की मी तुला विपत्र धाडतो" असं कुणी बोलत नाही. "तू मला लूपमध्ये ठेव, मी ईओडीपर्यंत क्लोज करतो" असं बोलतात, तेव्हा तसंच लिहा, देवनागरीत, कंस आणि तळटिपा न घालता. मामाला 'ईओडी' कळणार नाही, या भीतीने अर्थ सांगत बसू नका. देवरेला ईओडीपर्यंत खुर्ची देतो म्हणणारा माणूस साडेसहाच्या बसला धावताना दाखवा, मामाला बरोब्बर कळतं.

मेल मात्र प्रत्यक्षात इंग्रजीत असतात. त्या कथेत मराठीत आणताना त्यांचा गुळगुळीतपणा राखा. "आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत" हे वाक्य ज्याचा संयम सुटलाय त्यालाच पाठवतात, हे तुम्ही वेगळं सांगायची गरज नाही. निवेदकाने सरकारी परिपत्रकासारखं कोरडं राहावं. उद्गारचिन्हं काढून टाका, सगळीच्या सगळी. 'गंमत म्हणजे', 'हास्यास्पद', 'विचित्र' हे शब्दही शोधून काढा.

७. आकडे खरे ठेवा, ते आधीच वाढवून सांगितल्यासारखे असतात

अतिशयोक्ती करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पगार आणि अप्रेझल या दोन ठिकाणी तिची गरजच पडत नाही.

सीटीसीचा तक्ता घ्या. त्यात ग्रॅच्युइटीची ओळ असते, बहुतेक ठिकाणी बेसिकच्या ४.८१ टक्के. हा आकडा आकाशातून पडलेला नाही: १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेला हिशोब आहे, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. पंधरा भागिले सव्वीस, भागिले बारा. कंपनी ही रक्कम पहिल्या दिवसापासून तुमच्या पॅकेजात मोजते; नेहमीच्या कायम नोकरीत हातात पडायला सलग पाच वर्षं काढावी लागतात. दर तीन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याला ती फक्त कागदावर भेटते. त्याच तक्त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा, इन्शुरन्सचा हप्ता आणि 'कंपनीच्या कामगिरीनुसार' मिळणारा व्हेरिएबल. आता स्थळ बघायचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. मुलाचा मामा पोह्यांची बशी हातात घेऊन सांगतोय, "बारा लाखांचं पॅकेज आहे." मुलीचा भाऊ हिंजवडीतच आहे. तो शांतपणे विचारतो, "हातात किती?" आणि पोहे गार होतात.

दुसरी खाण म्हणजे बेल कर्व्ह, म्हणजे चांगली-वाईट रेटिंग आधीच ठरलेल्या टक्केवारीत वाटून देणं. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९८० च्या दशकात माणसांची २०-७०-१० अशी विभागणी रूढ केली: वरचे वीस टक्के उत्तम, मधले सत्तर ठीक, खालचे दहा घरी. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये मोडीत काढली, पण आपल्याकडे तिचे नातेवाईक अजून सुखाने नांदताहेत. कथाकाराने फक्त गणित करायचं. सात जणांच्या टीममध्ये दहा टक्के म्हणजे ०.७ माणूस. हा ०.७ माणूस कोण?

इथे कथा स्वतःच चालू लागते. मॅनेजर वाईट नाही, त्याला कुणालाच खाली टाकायचं नाही. तो इतर मॅनेजरांशी बोलतो. शेजारच्या टीममध्ये एकाने राजीनामा दिलाय, नव्वद दिवसांच्या नोटीसवर आहे. असा माणूस म्हणजे लॉटरी: सगळ्यात खालचं रेटिंग त्याला दिलं तर कुणाचंच नुकसान नाही. मग दोन मॅनेजर त्या जाणाऱ्या माणसाला आपल्या टीममध्ये ओढायला भांडू लागतात. पाच वर्षांत ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला अचानक मागणी. त्याची बदली कागदोपत्री चार दिवसांसाठी होते, अर्धा इकडे अर्धा तिकडे असा तोडगाही सुचवला जातो. त्याला वाटतं, आपली किंमत यांना आत्ता कळली. तो राजीनामा मागे घेतो.

एवढा ऐवज असताना बॉसला टकलू म्हणून कशाला हसवायचं?

८. शेवट

फार बोलत नाही, कारण शेवट साखळीतूनच येतो. तीन शेवट मात्र वर्ज्य. नायक सगळ्यांसमोर खडसावून भाषण देतो आणि राजीनामा फेकतो: गृहकर्ज असलेला वाचक हसेल, पण तुम्हाला. नायक जागा होतो, स्वप्न होतं. आणि नायक स्वतःच बॉस होऊन तेच करू लागतो. हा पूर्वी बरा होता, आता दर चौथ्या कथेत सापडतो.

देवरेची कथा मी अशी मिटवीन: त्याला समाधान सर्वेक्षणाची मेल येते. "खुर्ची हलवण्याच्या सेवेला किती तारे द्याल?" चार किंवा कमी दिले तर कारण लिहिणं सक्तीचं, आणि कारण मॅनेजरच्या मंजुरीला जातं. देवरे उभ्या उभ्या पाच तारे देतो. ॲडमिन विभागाचा आकडा आणखी सुधारतो. संपलं.

९. ओळखीच्या खुणा पुसा

'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही ओळ ढाल म्हणून फारशी कामाची नाही. माणूस ओळखू येत असेल तर ती असून नसल्यासारखी. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची किंवा दंडाची होऊ शकते, आणि कंपनीची किंवा संघटनेचीही बदनामी होऊ शकते हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. दिवाणी दावा वेगळा.

घाबरू नका, पण कामं नीट करा. कंपनीचा धंदा बदला: सॉफ्टवेअरची इन्शुरन्स करा. तीन माणसांचं एक पात्र बनवा, आणि त्यात एक सवय तुमची स्वतःची घाला. जी घटना फक्त तुमच्याच मजल्यावर घडली ती टाळा. जी प्रत्येक मजल्यावर घडते ती निवडा, तशीही तीच जास्त लोकांना पोहोचते. क्लायंटचं नाव, प्रोजेक्टचं नाव, खरे मेल शब्दशः, यातलं काहीही नको. गोपनीयतेचा करार नोकरी सोडल्यावरही बऱ्याचदा लागू राहतो.

लैंगिक छळाच्या खऱ्या तक्रारीवर विनोदी कथा तर नाहीच, पण कुठलाच तपशील कुठेही वापरायचा नाही. २०१३ च्या कायद्याचं १६ वं कलम तक्रारीतला मजकूर, संबंधितांची ओळख आणि चौकशीची माहिती प्रसिद्ध करायला मनाई करतं.

खुणा पुसल्या गेल्या की नाही याची एक परीक्षा आहे. ऑफिस सोडून गेलेल्या विश्वासू मित्राला कथा वाचायला द्या. तो "अरे, हा तर अमुक!" असं ओरडला आणि त्याने भलत्याच माणसाचं नाव घेतलं, तर तुम्ही पास.

१०. मामाला वाचून दाखवा, मग कापा

कॉर्पोरेट न पाहिलेला तो वाचक इथे कामाला येतो. त्याला समोर बसवून मोठ्याने वाचा. तो कुठे "म्हणजे काय?" विचारतो तिथे खूण करा, आणि अर्थ समजावण्याऐवजी ते वाक्यच पाडा. तो "आमच्या पंचायत समितीत पण असंच" म्हणाला, तर ती जागा सोन्याची, तिला हात लावू नका.

सुरुवातीचा परिच्छेद बहुतेक वेळा उडवता येतो. त्यात काचेची इमारत, लिफ्ट, गळ्यातलं ओळखपत्र आणि कॉफी मशीन असतं. सगळ्यांच्याच कथेत असतं.

११. पाठवणी

१९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही रांग आहे, तेव्हा वेळेत उभे राहा. साहित्य साधारण उन्हाळ्यापासून जुलैपर्यंत मागवलं जातं. गणपती बसले की बऱ्याच अंकांची पानं लागायला सुरुवात झालेली असते. आधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक चाळा, विनोदी कथा घेतात का आणि किती लांबीची घेतात ते दिसेल. शब्दमर्यादा दिली असेल तर पाळा.

फाइल युनिकोडमध्ये, वर्डमध्ये. पीडीएफ नको, हाताने लिहिलेल्या पानांचे व्हॉट्सॲपवरचे फोटो नकोत. मेलमध्ये कथेचं नाव, शब्दसंख्या, तुमचं नाव, टोपणनाव वापरणार असाल तर ते, पत्ता आणि फोन. कथा कशी सुचली ते लिहू नका. ऑफिसच्या मेलच्या सवयीने "कृपया आवश्यक ती कार्यवाही करावी" असंही लिहू नका, काही जण लिहितात. एकाच वेळी दोन अंकांना तीच कथा पाठवणं टाळा. संपादक एकमेकांशी बोलतात. आठवण करायची तर महिना-दीड महिन्याने एकदा, आणि सीसीमध्ये कुणालाही न घेता.

मानधन आलं तर रक्कम लहान असली तरी विवरणपत्रात दाखवा. नेमणूक पत्रात बाहेरच्या कामासाठी पूर्वपरवानगीची अट असेल तर कथा छापून यायच्या आधीच अर्ज टाका. त्या फॉर्मवर 'कामाचे स्वरूप' या यादीत 'कथालेखन' सापडणार नाही. 'इतर' निवडा, तपशिलात 'मराठी साहित्य' एवढंच लिहा आणि मंजुरीच्या मेलची प्रत घरच्या कपाटात ठेवा.